फर्म फुटते तेव्हा

मारामारीचा चित्रपट मी बी.कॉम.च्या नजरेने बघतो. कोण कुणाला मारतो यापेक्षा कुणाच्या सांगण्यावरून मारतो, इकडे माझं लक्ष.

ताकेशी कितानोचा जपानी 'आउटरेज' (२०१०) पाहताना तर मला थेट आमचं हापिसच दिसलं. सर्वांत वरचे चेअरमन नाराज होतात, ते खालच्याला सांगतात, तो त्याच्या खालच्याला. अखेर काम येतं ओतोमोच्या गळ्यात. चुकलं की माफीदाखल बोट कापून द्यायचं. (आमच्याकडे लेखी खुलासा मागतात. बोटं शाबूत ठेवतात, कारण पुढचाही खुलासा लिहायचा असतो.) दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतला ड्रिलचा प्रसंग मी डोळ्यांवर हात ठेवून नुसता ऐकला. पण पावणेदोन तासांत एवढी माणसं मेली, एकाचीही हळहळ वाटली नाही. कुणाचा कुणावर विश्वासच नव्हता. मग बुडणार काय?

हळहळ वाटली ती रामगोपाल वर्मांच्या 'कंपनी'त (२००२). दाऊद इब्राहिम आणि छोटा राजन यांच्या फुटीवर तो बेतलेला आहे, हे शाळकरी पोरंही सांगतील. मलिक (अजय देवगण) आणि चंदू (विवेक ओबेरॉय) हे त्यातले भागीदार. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीवर एखादं भागीदारीतलं दुकान फुटावं तशीच ही टोळी फुटते. हिशेबावरून नव्हे, 'मला विचारलं का नाही?' यावरून! एका राजकारण्याचा खून ठरतो. गाडीत मुलं आहेत म्हटल्यावर चंदू काम थांबवतो आणि मलिक ते परस्पर उरकून टाकतो. दुकान असतं तर मधे भिंत पडली असती आणि दोन्हीकडे 'मूळ दुकान हेच' अशा पाट्या लागल्या असत्या. इथे भांडण पार केनियापर्यंत जातं.

'खल्लास' हे गाणं मी किरकोळ खर्चात टाकतो. मोहनलालचा पोलीस अधिकारी मात्र अस्सल. बोलतो कमी, आणि दोघांच्या भांडणाचं व्याज शांतपणे खातो.

शेवटी दोघांचं फोनवर जुळतं. पण चंदूनेच आधी धाडलेल्या कोडा सिंगला समेटाची खबरच नसते. तो हाँगकाँगमध्ये मलिकला उडवतो. 'स्टॉप पेमेंट' यायच्या आत चेक वटला! एवढ्या रक्तपातात मी खरा घाबरलो तो इथे. "साहेब, तो चेक थांबवता येईल का हो?" असं काउंटरपलीकडून विचारणाऱ्यांचे चेहरे मी पाहिलेले आहेत.