चक्रीय अर्थव्यवस्था आणि भंगाराचा भाव

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या चर्चासत्रांत ज्याला ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणतात, ते मिठी ओलांडली की धारावीत नुसतं भंगार असतं. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१६ च्या अहवालाने या चक्रातून भारताला २०५० पर्यंत वर्षाला ४० लाख कोटी रुपयांचा लाभ मांडला. भाव कोसळला तर तोटा कोणाच्या माथी, हा प्रश्न मात्र मला कॅथरीन बू यांच्या ‘बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स’मध्ये (२०१२) भेटला. विमानतळालगतच्या अण्णावाडीतला अब्दुल कचरावेचकांकडून माल घेतो, निवडतो, पुढे विकतो. २००८ च्या मंदीत भंगाराचा भाव पडतो आणि वेचणाऱ्या पोरांच्या पोटाला चिमटा बसतो. आकडेमोडीच्या अहवालांपेक्षा हे संशोधन मला मोलाचं वाटतं.

तक्रार एकच. बू माणसांचा माग सोडत नाहीत, मालाचा सोडतात. धारावीच्या तेरा कंपाउंडात प्लास्टिक रंगाप्रमाणे निवडतात, दळतात, धुतात, पत्र्यांवर वाळवतात, मग त्याचा दाणा पाडतात. या दाण्याची स्पर्धा नव्या प्लास्टिकशी, म्हणजे शेवटी खनिज तेलाच्या भावाशी. ही कडी पुस्तकात असती, तर अब्दुलच्या तराजूपर्यंत मंदी कोणत्या वाटेने आली, तेही दिसलं असतं.