घर मागणारी मुलं

नाशिककरांना नाटक शिकावं लागत नाही, अशी नाशिककरांची समजूत आहे. तात्यासाहेब शिरवाडकर इथले, वसंतराव कानेटकरही इथलेच. तेव्हा नाटक आपल्याकडे नळाला येतं, आणि तेही दोन्ही वेळेला! तरीसुद्धा मे महिना उजाडला की अभिनयाची शिबिरं भरतात. व्यावसायिक रंगभूमीसाठी प्रात्यक्षिक प्रशिक्षण, मुदत दहा दिवस, शेवटी प्रमाणपत्र. दहा दिवसांत पोळ्यासुद्धा गोल होत नाहीत हो, पण ते असो.

अशाच एका शिबिराच्या समारोपाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. (म्हणजे ठरलेले पाहुणे आले नव्हते.) बारा मुलांनी एकेक प्रवेश केला. त्यांतल्या सात जणांनी 'नटसम्राट'मधलं घर मागणारं भाषण केलं. सर्वांत वयस्कर बेलवलकर एकवीस वर्षांचा होता. अंगावर वडिलांची शाल, केसांत टाल्कम पावडर आणि पहिल्याच शब्दाला मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. त्या आवाजात मागितलं असतं तर घर नक्की मिळालं असतं. शेजाऱ्यांनीच वर्गणी काढून दिलं असतं. आया मात्र डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या.

माझी तक्रार मुलांबद्दल नाही, निवडीबद्दल आहे. गणपतराव बेलवलकर हा नुसता बेघर म्हातारा नव्हे. आयुष्यभर भूमिका करून करून त्याचं दुःखसुद्धा नाटकाच्या वळणाने बाहेर पडतं. कळवळणारा बाप कुठे संपला आणि कसलेला नट कुठे सुरू झाला, हे त्याचं त्यालाही कळत नाही. नटाने नेमकं हेच दाखवायचं असतं. ज्याच्या अंगात अजून एकही भूमिका मुरलेली नाही, त्याने ते आणायचं कुठून? मग उरतो फक्त आवाज. ही नटाच्या अभ्यासक्रमातली शेवटची परीक्षा. आपण ती बालवाडीत घेतो.

२३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने 'नटसम्राट' रंगमंचावर आणलं, तेव्हा बेलवलकर झाले होते डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. आवाज कुठून निघतो, हे त्यांनी आत वाकून पाहिलेलं होतं! पण तेवढ्यावर भागलं नाही. १९५१ पासून पुण्यात हौशी नाटकं, मध्ये परदेशातलं शिक्षण, दवाखाना, आणि १९६९ साली पूर्णवेळ रंगभूमी. तीही आमच्या कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'ने. दहा दिवस आणि अठरा वर्षं यांत थोडा फरक पडतोच. पुढे त्यांनी 'वाचिक अभिनय' या नावाचं पुस्तकच लिहिलं. शिबिरातल्या मुलांना वहीऐवजी ते द्यावं.

किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल तालीम मास्तर होते. पोरं कंपनीतच जेवत, कंपनीतच झोपत आणि रोज रात्री विंगेतून मोठ्यांचं काम पाहत. शाळेचं वाटोळं होई, हे खरं. पण शिकवणी आणि नोकरी एकाच छपराखाली असे. आज तशी कंपनी नाही, म्हणून शिबिरं हवीत हे मला मान्य आहे. फक्त त्यात बेलवलकर नकोत, विठोबा हवा. बेलवलकरांचा नोकर! पाण्याचा तांब्या घेऊन यायचं, सांडायचं नाही, मालकाचं बोलणं ऐकताना आपण ऐकतोय असं दिसलं पाहिजे, आपलं एक वाक्य शेवटच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत पोचवायचं आणि वेळेवर निघून जायचं. हे आजोबा प्रत्येक नाट्यगृहात असतात. ऐकू आलं नाही की 'आवाज!' म्हणून ओरडतात. त्यांच्याइतका परखड समीक्षक अजून व्हायचाय. आणि हे सगळं आज मालेगावला करून, रात्रभर बसमध्ये मान मोडून, उद्या दुपारी नाशिकला जसंच्या तसं करायचं. हंशा तिथे पिकला आणि इथे पिकला नाही, तरी.

खुद्द तात्यासाहेबांनी १९३६ साली गोदावरी सिनेटोनच्या 'सती सुलोचना'त लक्ष्मणाची भूमिका केली होती. सिनेमा पडला. 'नटसम्राट' लिहिणाऱ्याने नट होण्याचा अट्टहास धरला नाही, हे मराठी रंगभूमीवर केवढे उपकार!

त्या शिबिरातला उत्तम घर मागणारा मुलगा सातपूरची नोकरी सोडून मुंबईला गेला. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून दिले. तिथे एका निर्मात्याने विचारलं, "बॅकस्टेजला येतोस?" हा प्रमाणपत्र दाखवून परत आला. त्याच शिबिरात एक मुलगी होती. तिला कोणी भाषणच दिलं नव्हतं. तिलाही तोच प्रश्न विचारला गेला आणि ती हो म्हणाली. दोन वर्षं तिने कपबश्या, पत्रं, पिस्तुलं टेबलावर मांडली. सगळ्यांच्या सगळ्या नकला पाठ. एकदा प्रयोग आमच्या कालिदास कलामंदिरात होता आणि मोलकरणीचं काम करणारी बाई तापाने फणफणली. मुलीला उभं केलं. वाक्यं दोनच. ती आली, ट्रे ठेवला, दोन वाक्यं बोलली आणि गेली. टाळी पडली नाही. मागच्या रांगेतून कोणी ओरडलंही नाही.