मधुमेह आणि किडनीचा कॅन्सर: ते ‘४० टक्के’ नेमके कशाचे?

रेवदंड्याच्या मावशीने मागच्या आठवड्यात एक मेसेज पुढे ढकलला: ‘मधुमेह असणाऱ्यांना किडनीच्या कॅन्सरचा धोका ४० टक्क्यांनी जास्त.’ खाली तिचा प्रश्न, "बाय, म्हणजे आमच्यासारख्या शंभरातल्या चाळीस जणांना होतो का?"

नाही होत. पण गैरसमज तिचा नाही, वाक्यच तसं लिहिलंय. आकडा मात्र हवेतला नाही. २०११ मध्ये लार्सन आणि वोल्क यांनी ‘डायबेटोलॉजिया’ या नियतकालिकात नऊ कोहॉर्ट अभ्यास, म्हणजे माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे अभ्यास, एकत्र करून मांडले. मधुमेह असलेल्यांचा धोका नसलेल्यांच्या १.४२ पट निघाला. खरी किंमत १.०६ ते १.९१ यांत कुठेही असू शकते, हे मेसेजमध्ये गळालं. आणि कशाच्या १.४२ पट, तेही गळालं. भारतात हा कॅन्सर वर्षाला लाखात साधारण एक-दोघांना होतो. दोनचे ४० टक्के वाढवले तरी तीन होत नाहीत. वय वाढतं तसा मूळ आकडा वाढतो, पण हिशोबाची रीत तीच.

माझी खरी तक्रार पुढची आहे. ‘मधुमेहामुळे’ हा शब्द.

ग्राफ आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा ‘डायबेटिस केअर’मधला पेपर बघा. अमेरिकेतल्या नर्सेस आणि पुरुष आरोग्य-व्यावसायिकांचे दोन मोठे कोहॉर्ट. बायकांमध्ये धोका १.५३ पट, पुरुषांमध्ये संबंधच दिसला नाही. त्याहून विचित्र म्हणजे, निदान होऊन पाच वर्षं किंवा कमी झालेल्या बायकांमध्ये २.१५ पट, आणि पाचाहून जास्त झालेल्यांमध्ये १.२२ पट, तेही ठामपणे सांगता येऊ नये इतकं धूसर. रक्तातली साखर किडनीला खात असेल तर जास्त वर्षं म्हणजे जास्त धोका हवा ना? इथे उलटं.

एक सोपं उत्तर असं, की मधुमेह निघाला की तपासण्या वाढतात, सोनोग्राफी होते आणि त्रास न देणारी गाठ सापडते. पटतं, पण पूर्ण नाही. सोनोग्राफी पुरुषांचीही होतेच की. दुसरं उत्तर मला जास्त विचार करायला लावतं. टाइप २ मधुमेहाच्या सुरुवातीला शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते ढिगाने सोडतं. पुढे ते थकतं. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत जास्त असतं ते इन्सुलिन, आणि इन्सुलिन पेशींना वाढायला सांगतं.

२०१९ मध्ये योहानसन आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये हेच जनुकांच्या वाटेने तपासलं. जनुकं जन्माआधीच वाटली जातात, पत्त्यांसारखी. नंतरच्या सवयी किंवा आजार ती बदलत नाहीत. उपाशीपोटीचं इन्सुलिन वाढवणारी जनुकं असलेल्यांत धोका वाढलेला दिसला, वजनाच्या आणि खालच्या रक्तदाबाच्या जनुकांचंही तसंच. साखर वाढवणाऱ्या आणि टाइप २ मधुमेहाच्या जनुकांचा मात्र संबंध लागला नाही. हा पेपर मला आवडतो, तरी इन्सुलिनचा अंदाज १.३० ते २.५५ इतका पसरट आहे. आणि माणसं सगळी युरोपीय वंशाची.

इथे आपला प्रश्न सुरू होतो. पुण्याच्या केईएममधले डॉ. यज्ञिक आणि ब्रिटिश डॉ. युडकिन यांचा २००४ च्या ‘लॅन्सेट’मधला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि यज्ञिक यांची २१.२. बारीक दिसणारा, आतून चरबी बाळगणारा हा देह अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत घरोघरी सापडेल. अमेरिकन अभ्यास ‘आम्ही बीएमआयचा परिणाम वजा केला’ म्हणतात, तेव्हा आपल्याकडे त्या वजाबाकीत बरंच शिल्लक राहतं. मशेरीचा रकाना त्या प्रश्नावल्यांत असण्याचा प्रश्नच नाही.

आपल्याकडचे आकडेही याला पुरत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटातल्या थेंबावर एकदाच साखर मोजतात. मधुमेह किती वर्षांचा, इन्सुलिन किती, हे त्यातून कळत नाही. आणि ‘रायगड जिल्हा’ म्हणून जो एक आकडा येतो त्यात खारघरचे टॉवर आणि मुरुडचा कोळीवाडा एकत्र कालवलेले असतात.

मावशीला फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही. सांगितलं की मधुमेहाने किडनी निकामी होणं हा कॅन्सरपेक्षा कितीतरी मोठा आणि रोजचा धोका आहे. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपास. लघवीतून रक्त गेलं तर दुखत नसलं तरी लगेच डॉक्टरांकडे जा. गोळ्या मेसेज वाचून बंद करू नकोस. रक्तदाब मोज.

"मग सुकट बंद करू का?"

आधी मोजून तर घे, म्हटलं.