अग्निसुरक्षेचे नियम आणि कामगारांची साक्ष : न्यूयॉर्कच्या कारखाना-चौकशी आयोगाचे परीक्षण

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्क शहरातील ॲश बिल्डिंग या दहा मजली इमारतीत, ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या शिवणकारखान्यात आग लागून १४६ कामगार मृत्यू पावले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित ज्यू व इटालियन तरुणी होत्या. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने नेमलेला कारखाना-चौकशी आयोग हा लोकांच्या साहाय्याने सुरक्षेचे कायदे घडविण्याचा आदर्श मानला जातो. हा गौरव अस्थानी नाही. तथापि आयोगाचे खरे कर्तृत्व कशात होते व त्याची मर्यादा कोठे होती, याचा विवेक त्या गौरवात सहसा आढळत नाही.

आगीपूर्वी कायदाच नव्हता असे नाही. राज्याच्या श्रमविषयक कायद्याच्या ८० व्या कलमाने कामाच्या वेळात दारांना कुलूप घालण्यास मनाई केली होती आणि दारे ‘शक्य असेल तेथे’ बाहेरच्या बाजूस उघडणारी असावीत, असे सांगितले होते. अनर्थाचे एक मूळ या सवलतीतच होते. ॲश बिल्डिंगचे जिने इतके अरुंद होते की, दार बाहेर उघडल्यास वाटच अडली असती. सबब आत उघडणारी दारे चालवून घेतली गेली. इमारत अग्निरोधक म्हणून बांधलेली होती व ती टिकलीही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वापरात ती आजही उभी आहे. नियमांनी वास्तूचे रक्षण केले. तीत काम करणाऱ्यांचे केले नाही. कुलूपबंदीचा निषेधही कागदावरच राहिला. नवव्या मजल्यावरील दार बंद असल्याचे मालकांना ठाऊक होते, हे सिद्ध न झाल्यामुळे डिसेंबर १९११ मध्ये ते निर्दोष सुटले.

रॉबर्ट वॅग्नर आयोगाचे अध्यक्ष व आल्फ्रेड स्मिथ उपाध्यक्ष होते. कामगार-चळवळीतील सॅम्युएल गॉम्पर्स व मेरी ड्रायर यांच्याबरोबर स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातील रॉबर्ट डाउलिंग हेही सदस्य होते. पहिल्या वर्षी आयोगाने २२२ साक्षीदार तपासले. अग्निशमन-अधिकारी, अभियंते व मालक यांच्याबरोबरच कामगारांचेही म्हणणे नोंदले गेले, हे त्याचे वैशिष्ट्य होय. सदस्यांनी स्वतः कारखानेही पाहिले. बर्फाने माखलेल्या एका आपत्कालीन शिडीवर वॅग्नर यांना भोकातून सरपटत जावयास लावल्याची आठवण फ्रान्सिस पर्किन्स यांनी सांगितली आहे. तज्ज्ञांचे ज्ञान बहुधा पोलाद, वीट व पाणी यांविषयीचे. यंत्रांमधील वाट किती चिंचोळी आणि कोणते दार नेहमी बंद, हे तेथे राबणाऱ्यांनाच ठाऊक. १९१२ व १९१३ च्या कायद्यांत सक्तीची अग्नि-कवायत, उंच कारखान्यांत आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा आणि जिन्यांच्या रुंदीवरून ठरणारी माणसांची मर्यादा या तरतुदी आल्या. त्यांत इमारतीऐवजी माणूस हे मोजमाप झाले. आयोगाचे खरे श्रेय ते हेच.

मर्यादा मात्र याच्या पुढची आहे. १९१० च्या तडजोडीतून न्यूयॉर्कच्या स्त्रियांच्या कोट-झग्यांच्या व्यवसायात एक संयुक्त आरोग्य-नियंत्रण मंडळ स्थापन झाले होते. त्यात मालक, कामगार-संघटना व सामान्य नागरिक या तिघांचे प्रतिनिधी बसत आणि मंडळ कारखान्यांची तपासणीही करीत असे. ट्रँगल कारखाना त्याच्या कक्षेबाहेर होता. या मंडळाचे डॉ. जॉर्ज प्राइस यांना आयोगाने आपल्या तपासणीचे प्रमुख नेमले. परंतु मंडळाची त्रिपक्षीय रचना राज्याच्या निरीक्षण-यंत्रणेत उतरली नाही. १९१३ च्या पुनर्रचनेने औद्योगिक मंडळाला नियम करण्याचा अधिकार दिला. शहरात अग्निशमन-आयुक्तांच्या हाताखाली अग्नि-प्रतिबंधक विभाग १९११ च्या कायद्यानेच आला होता. दोन्हीकडे अंमलबजावणी अधिकाऱ्यांकडे राहिली.

नियम रचताना कामगारांची साक्ष आवश्यक मानली गेली. तो नियम पाळला जातो की नाही हे ठरविताना त्याच कामगारांना स्थान उरले नाही. ८० व्या कलमाचा इतिहास पाहता ही उणीव गौण म्हणता येत नाही. कोणत्याही नियमात ‘शक्य’ व ‘योग्य’ यांसारखे शब्द राहणारच; त्यांचा अर्थ रोजच्या रोज कोण लावतो, यावर नियमाचे मोल अवलंबून असते. लोकांचा सल्ला मसुद्यापाशीच थांबला, तर तो अर्थ पुन्हा मालक व निरीक्षक यांच्याच हाती जातो. आयोगाच्या कार्याचे मूल्यमापन करणाऱ्यांनी हा प्रश्न टाळता कामा नये.