रिंगणाच्या बाहेर या

आषाढीनंतर सोलापुरात पाहिलेल्या छायाचित्रांनी यंदा मला अक्षरशः चिडवलं. वरून टिपलेलं वारीचं गोल रिंगण, मधोमध धावता अश्व, भोवती पांढऱ्या टोप्या. खालची नावं काढून चित्रांची अदलाबदल केली असती, तर काढणाऱ्यांनाही आपलं चित्र ओळखता आलं नसतं.

उद्धव ठाकरे यांनी ‘पहावा विठ्ठल’ या छायाचित्रांच्या पुस्तकासाठी हेलिकॉप्टरमधून वारी टिपली तेव्हा ती उंची नवी होती. आज ती ड्रोनच्या खोक्यातच मिळते. गड्डा यात्रेचं दारूकाम आणि नान्नजचा माळढोक पक्षी यांच्या चित्रांबद्दलही वेगळं लिहावं असं काही नाही.

छायाचित्रकार संदेश भंडारे यांच्यापाशी मात्र थांबावंच लागतं. त्यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक पुन्हा उघडून बघा. तमाशाचा झगमगाट टिपणारे पुष्कळ झाले; भंडारे फडाच्या मागे गेले, राहुटीतल्या संसारापर्यंत. सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांकडे असेच पुन्हा पुन्हा गेले. त्यांची कृष्णधवल चित्रं पाहताना दया येत नाही, मान खाली जाते. या दोघांची नजर कुठल्या लेन्समधून आलेली नाही. माणसांना कॅमेऱ्याची सवय होऊन ती आपल्या कामाला लागेपर्यंत जो थांबतो, त्यालाच असं दिसतं. प्रागच्या योसेफ सुडेकने तर 1940 ते 1954 आपल्या स्टुडिओची एकच खिडकी टिपली. दवाने ओली, बर्फाने गोठलेली तीच काच, आणि तरी कंटाळा येत नाही.

आणि आम्ही? 15 जून 2023 रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेसाठी पाडली. ती कोसळतानाचा क्षण घरोघरी मोबाइलमध्ये आहे. पण त्या चिमणीखाली वर्षानुवर्षं पाळीला जाणारा कामगार, तिच्याकडे तोंड करून असलेलं अंगण? त्यांचं एकही चित्र मी आजवर भिंतीवर पाहिलेलं नाही. पडतानाच जिच्याकडे पाहिलं, ती आम्ही पाहिली असं कसं म्हणायचं?

सोलापुरात विषय मिळत नाहीत, असं तरुण छायाचित्रकार सांगतात. मला हे मान्य नाही. पूर्व भागातल्या कुठल्याही यंत्रमागाच्या खोलीत दुपारी शिरा. कापसाची पूड उजेडात तरंगत असते, जेकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ वर सरकत असते, आणि खटखटाटात दोन माणसं तेलुगूत ओठांवरून बोलत असतात. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची 10,000 घरं आहेत. मांडीवर सूप, सुपात पान-तंबाखू, आणि बोटं न बघता चालतात. हे एका दिवसात टिपता येणार नाही, आणि येऊही नये. पहिल्या दिवशी ती बाई पदर सावरून कॅमेऱ्याकडे हसेल. ते चित्र ठेवू नका.

कार्यशाळांतून चौकटीचे तीन भाग आणि तयार रंगछटा शिकवणाऱ्यांवर माझा मोठा राग आहे. ते मुलांना काय चांगलं दिसतं ते शिकवतात. तुला काय दिसतं, हे विचारतच नाहीत.

पुढच्या आषाढीला वाखरीच्या रिंगणाला कॅमेरा नेऊ नका. कुंभारीला जा, आणि वर्षभर जात राहा.