दर्या, दऱ्या आणि उसन्या आज्ञावली

वसईच्या किनाऱ्यावरील कळंब गावी ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ मात्र डोंगरात असतात. मोबाईलवर मराठी मजकूर वाचणाऱ्यास हा भेद शुद्ध दिसतो, याचे श्रेय मजकूर पुरविणाऱ्या कंपनीकडे क्वचितच जाते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सर्वांत जोडाक्षरे रचण्याचे काम ‘हार्फबझ’ हा मुक्त आज्ञासंग्रह करतो. (नाव फारसी आहे, ‘हर्फ’ म्हणजे अक्षर.) कंपनीने तो लिहिलेला नसतो, आणि पुष्कळदा तो आपल्या मालात आहे हेही तिला ठाऊक नसते.

ही उसनवारी गैर म्हणता येणार नाही. ग्रंथसंपादकही पूर्वसूरींच्या पोथ्यांवरच विसंबतो. परंतु पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली आरंभलेल्या व १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत कोणता पाठ कोणत्या पोथीत आढळतो, याची नोंद पानोपानी तळाशी आहे. आज्ञावलींच्या क्षेत्रात अशा तळटीपेचा आग्रह फार उशिरा सुरू झाला. मुंबईच्या सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या अधिकारकक्षेतील संस्थांस महत्त्वाच्या प्रणालींच्या घटकसूच्या ठेवण्यास सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने अशा सूचीची मार्गदर्शिका काढली. घटकाचे नाव, आवृत्ती, पुरवठादार, परवाना, त्याची स्वतःची अवलंबिते, ज्ञात उणिवा असे तिचे रकाने आहेत.

या मार्गदर्शिकेचे मोल डिसेंबर २०२१ मधील ‘लॉगफोरजे’च्या प्रकरणावरून कळते. नोंदी लिहिणाऱ्या त्या सामान्य घटकात गंभीर छिद्र उघडकीस आले, तेव्हा तो आपल्या कोणत्या आज्ञावलीत आहे हे शोधण्यातच अनेक संस्थांचा वेळ गेला. कारण तो बहुधा उसन्याच्या उसन्यातून आलेला होता. सूची असती तर उत्तर काही मिनिटांत मिळते.

मात्र सर्वच संकटे या जातीची नसतात. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्टपॅड’ हा अकरा ओळींचा घटक त्याच्या लेखकाने सार्वजनिक भांडारातून काढून घेतला आणि असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. तेथे सूची निरुपयोगी. उपयोगी पडते ती आपल्या घरी राखलेली प्रत. त्याहून अवघड प्रसंग मार्च २०२४ चा. ‘एक्सझेड’ या संकोचन-संग्रहाचा भार मुख्यतः एका थकलेल्या निर्वाहकावर होता. टोपणनावाने आलेल्या सहायकाने दोनेक वर्षे निष्ठेने काम करून विश्वास मिळविला व ५.६.० या आवृत्तीत चोरवाट दडविली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकात प्रवेश होण्यास अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, म्हणून ती सापडली. या घटकाची सूची त्या दिवसापर्यंत निर्दोषच दिसली असती: नाव बरोबर, आवृत्ती बरोबर, ज्ञात उणीव शून्य.

म्हणजे ही सूची पाठाची नोंद घेते, लेखनिकाची घेत नाही. एखाद्या घटकामागे किती माणसे आहेत, त्यांस वेतन कोण देतो, नवा सहकारी कोणाच्या शब्दावर आत आला, हे प्रश्न तिच्या कक्षेत येत नाहीत. आणि कंपनीत नवा घटक घेण्यापूर्वी ते विचारणारा अधिकारी बहुधा नेमलेलाच नसतो. मार्गदर्शिकेच्या जुलै २०२५ च्या दुसऱ्या आवृत्तीत यंत्रसामग्री व कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्याही सूच्या आल्या. निर्वाहकांची संख्या कोणास नोंदवावयाची असल्यास ती मात्र ‘शेरा’ या रकान्यातच लिहावी लागेल.