ताम्रपटावरील मगर

प्रवासवर्णनातील चित्राला वाचक बहुधा साक्षीदार मानतो. लेखकाच्या शब्दांविषयी तो शंका घेईल. परंतु चित्र पाहताच निःशंक होतो. हा विश्वास कितपत सार्थ आहे, हे पाहण्यासाठी थिओडोर द ब्री याने १५९१ साली फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध केलेल्या फ्लॉरिडाविषयक ग्रंथातील मगरीच्या शिकारीचे चित्र आम्ही विचारार्थ घेतो.

चित्राच्या पुढील भागी एक अजस्र मगर जबडा पसरून आहे आणि तिमुकुआ लोकांची टोळी तिच्या घशात लांब वासा खुपसीत आहे. मागे दुसरी मगर उताणी पडली असून तिच्या पोटावर सोट्यांचा व बाणांचा मारा चालला आहे. धट्टेकट्टे पुरुष या प्राण्यांपुढे पोरांसारखे दिसतात; मगरी कसल्या, पुराणातले मकरच हे!

एवढ्यावरून चित्र टाकाऊ ठरविणे मात्र आम्हांस मान्य नाही. सोबतचा मजकूर वाचावा. नदीकाठच्या खोपटीत पहारेकरी बसवावा; मगर येताच त्याने सोबत्यांस हाक द्यावी; टोकदार वासा तिच्या तोंडात घालावा, म्हणजे खडबडीत सालीमुळे तो निसटत नाही; मग तिला उलथवून मऊ पोटावर घाव घालावेत. यात शौर्याच्या बढाईपेक्षा अनुभवाचे शहाणपण अधिक आहे, आणि ते चित्रात नीट उतरले आहे. आकार अविश्वसनीय असला, तरी कृती पटण्याजोगी आहे.

मूळ चित्रकार ज्याक ल मॉयन हा १५६४ साली फ्रेंच वसाहतवाल्यांबरोबर फ्लॉरिडात गेला आणि पुढील वर्षी स्पॅनिश हल्ल्यातून जीव वाचवून परतला. १५८८ साली तो लंडनात वारल्यावर त्याची चित्रे द ब्रीने त्याच्या विधवेकडून विकत घेतली. द ब्रीने स्वतः अमेरिका कधीच पाहिली नव्हती. मूळ चित्रे जवळजवळ सर्व नष्ट झाल्याने पाहणाऱ्याचा हात कोठे थांबला व कोरणाऱ्याचा कोठे सुरू झाला, हे सांगणे दुर्घट आहे.

येथे ड्यूररच्या गेंड्याची आठवण होते. १५१५ साली गोव्याहून लिस्बनला गेलेला तो प्राणी ड्यूररने पाहिला नव्हता. वर्णन व कच्चे रेखाटन यांवरून त्याने चित्र काढले आणि गेंड्याच्या खांद्यावर एक जादा शिंग बसविले. पुढे १७४१ साली हॉलंडात जिवंत गेंडा आला, त्याची चित्रे निघाली, आणि ती चूक हळूहळू मागे पडली. मगरीचेही तसेच, फ्लॉरिडाच्या नद्यांत ती आजही आहे, तिचे माप कोणीही घ्यावे.

परंतु चित्रातील माणसांचे काय? त्यांचे पिळदार दंड, त्यांचे उभे राहणे, सारे युरोपीय शिल्पशाळेतले आहे. मगर पाहून आपण हसतो. माणसे मात्र खरी धरून चालतो. रोगराई व लढाया यांमुळे तिमुकुआ समाज अठराव्या शतकात जवळजवळ नामशेष झाला. आपले चित्र सुधारून देण्यास त्यांतले कोणी उरले नाही. अशा ग्रंथांचे परीक्षण करताना श्वापदांच्या अतिशयोक्तीवर पाने खर्चणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा, असे आम्हांस वाटते.